होडीतली टाकी आणि आपली भीड

आम्ही वर्ध्याची माणसे. पाणी म्हटले की आम्हाला पवनारची धाम नदी आठवते, बोर धरण आठवते, आणि पावसाळ्यात काठ सोडून शेतात शिरणारी वर्धा आठवते. समुद्र आम्ही पाहिला तो बँकेच्या एल.एफ.सी.वर, तोही किनाऱ्यावर उभे राहून, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून. त्यामुळे अकरावीत शिकणाऱ्या नातीने गेल्या डिसेंबरात मालवणला जाऊन ‘स्कूबा’ करायचा हट्ट धरला, तेव्हा घरात दोन तट पडले. सूनबाई तिच्या बाजूने आणि आमची ही देवापुढे! मी नेहमीप्रमाणे तटस्थ राहिलो आणि नेहमीप्रमाणेच तिकिटे काढायला गेलो.

पहिल्या दिवशी आम्ही ज्या होडीत बसलो, तिच्यात आठ-दहा टाक्या फळीला टेकून उभ्या ठेवल्या होत्या. ना दोरी, ना पट्टा. त्यांच्यामध्येच पर्यटकांच्या पिशव्या आणि चपला. होडी धक्क्यापासून सुटली, एक लाट आडवी आली आणि त्यातली एक टाकी धाडकन पडून घरंगळत गेली. नातीच्या पायापासून वीतभर अंतरावर ती बाकाच्या पायावर आदळली. बाकाची लाकडी ढलपी उडाली. होडीवाल्या पोराने हसत हसत ती उचलली आणि पुन्हा तिथेच उभी केली.

मी म्हणालो, ‘‘आम्हाला उतरायचे आहे.’’

‘‘बाबा, पैसे दिलेत. सगळे बघताहेत,’’ मुलगा हळूच म्हणाला.

‘‘बघू दे.’’

आम्ही उतरलो. आगाऊ दिलेले पैसे अर्थातच गेले. नात रडवेली झाली. पुढचा अर्धा तास आमच्या कुटुंबात कोणी कोणाशी बोलले नाही. सून तेवढे म्हणाली, ‘‘बाबा अजून बँकेतच आहेत.’’

तिचे म्हणणे खरे होते. मी त्या क्षणी बँकेतच होतो. १९८७ साली एका तालुक्याच्या शाखेतून रोकड घेऊन आम्ही जीपने निघालो होतो. पेटी साखळीने गाडीला बांधून कुलूप लावायचे, हा नियम. त्या दिवशी साखळीच्या कुलपाची किल्ली सापडेना. उन्हे चढत होती. मी म्हणालो, ‘‘असू द्या. दहा-बारा किलोमीटर तर जायचे आहे.’’ वाटेत बैलगाडी आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि ती लोखंडी पेटी सरकत जाऊन आमच्या शिपायाच्या पायावर बसली. रोकड पैशाला पैसा बरोबर भरली. त्याची दोन बोटे मात्र गेली. निवृत्त होईपर्यंत तो माणूस लंगडत मला चहा आणून देत होता. त्याने एकदाही बोलून दाखवले नाही. हेच मला जास्त लागत राहिले.

जड वस्तू बांधलेली नसेल तर ती वस्तू राहत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. ती वाट पाहत बसलेला अपघात असते.

आता ही टाकी म्हणजे काय, तेही सांगतो. मालवणात आम्ही चार दिवस होतो आणि निवृत्त माणसाला प्रश्न विचारण्याखेरीज दुसरे काम नसते. वर्तमानपत्रे सर्रास ‘ऑक्सिजनची टाकी’ लिहितात. पण हौशी पाणबुड्याच्या पाठीवर सहसा शुद्ध ऑक्सिजन नसतो. आपण श्वासात घेतो तीच साधी हवा असते, फक्त दाबून भरलेली. दाबून म्हणजे किती? जगभर सर्वाधिक चालणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टाकीच्या पोटात जेमतेम ११ लिटर पाणी मावेल. तेवढ्या जागेत २,३०० लिटरच्या आसपास हवा कोंबलेली असते. मोटारीच्या चाकात जेवढा दाब असतो, त्याच्या सुमारे शंभरपट. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमधला दाब त्यापुढे काहीच नाही. भरलेल्या टाकीचे वजन १७ किलोच्या घरात जाते. म्हणजे दहा टाक्या चढवल्या की होडीत अडीच-तीन माणसे न दिसता बसलेली असतात. ही माणसे उताऱ्यांच्या मोजणीत धरली जातात का, हे ज्याने त्याने पाहावे.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एक म्हातारा तांडेल भेटला. त्याच्या होडीत सगळ्या टाक्या आडव्या, तळाशी, मधल्या भागात, लाकडी खाचांत बसवलेल्या होत्या आणि वरून रबरी पट्ट्याने आवळलेल्या होत्या. मी कारण विचारले. तो म्हणाला, ‘‘उभी ठेवलात तर पडतली, आडवी घातलात तर निजतली.’’ पाठ्यपुस्तकाचे एक अख्खे पान त्याने एका ओळीत संपवले.

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. वजन खाली आणि मध्ये असले की होडी स्थिर राहते. ते मोकळे असले, की होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला घरंगळते आणि कल आणखी वाढवते. म्हणजे ऐन संकटात टाकी शत्रूला सामील होते. दुसरा धोका तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हचा. टाकी त्यावर आपटून तो मोडला, तर आतली हवा एका झटक्यात सुटते आणि टाकी दिवाळीतल्या बाणासारखी धावते. असे क्वचितच घडते, पण घडायला एकदाच पुरते.

तांडेलाच्या होडीवर आणखी काही गोष्टी पाहिल्या. भरलेल्या टाक्या एका बाजूच्या खणात, वापरलेल्या दुसऱ्या. भरलेलीच्या तोंडाला टोपण, वापरलेलीचे उघडे, म्हणजे घाईत गफलत नको. टाक्यांवर ओले गोणपाट, कारण ऊन लागले की आतला दाब चढतो. वीस अंशांनी तापमान वाढले तर भरलेल्या टाकीतला दाब सहा-सात टक्क्यांनी वाढतो. आमच्या वर्ध्याच्या मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत अशी टाकी कोणी विसरला तर काय होईल, याचा विचार करून मला तिथे डिसेंबरात घाम फुटला. वापरलेली टाकीही तो पूर्ण रिकामी होऊ देत नसे. थोडी हवा शिल्लक ठेवली की आत खारे पाणी शिरत नाही आणि गंज धरत नाही. संध्याकाळी प्रत्येक टाकीला गोड्या पाण्याची आंघोळ.

गंमत अशी, की सिलिंडरांचा हा सारा कायदेकानू सांभाळणारे कार्यालय आमच्या शेजारी, नागपूरला आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच ‘पेसो’चे मुख्यालय तिथे आहे. या खात्याचा जन्म १८९८ सालचा. त्याच्या अखत्यारीतले गॅस सिलिंडर नियम २०१६ मध्ये नव्याने आले. सिलिंडर पाडू नये, घसरत नेऊ नये, त्याच्याशी खेळू नये, ठरावीक मुदतीने पाण्याच्या दाबाखाली त्याची चाचणी व्हावी, असा त्यांचा रोख आहे. चाचणीची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते. चष्मा लावून वाचता येते. मी वाचली.

पण वाचकहो, नियम कमी पडत नाहीत. कमी पडतो तो तोंडातला शब्द. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आमच्याच वर्धा नदीत, अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात झुंज येथे, दशक्रियेसाठी जमलेल्या आप्तांची नाव उलटली आणि एकाच गोतावळ्यातली ११ माणसे गेली. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. या दोन्ही बातम्या वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न आला. निघताना कोणाच्या तरी पोटात गोळा आला असेल का? आणि आला असेल, तर ते माणूस का बोलले नसेल?

उत्तर आपल्याला ठाऊक आहे. भीड! नावाडी काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील, पोरांचा हिरमोड होईल. भीड भिकेची बहीण, असे आपले जुने लोक सांगून गेले. पाण्यावर ती त्याहून वाईट नात्याने येते. १९८७ साली माझ्यासोबत जीपमध्ये बसलेल्या त्या शिपायालाही साखळी नसल्याचे दिसत होतेच. पण साहेबांना कसे सांगायचे?

म्हणून माझे कुटुंबवत्सल वाचकांना एवढेच सांगणे. होडीत पाय ठेवण्यापूर्वी डोकी मोजा, टाक्या पाहा, अंगावरचे जाकीट आवळून पाहा. टाक्या मोकळ्या असतील तर बांधायला सांगा. नाही बांधल्या तर उतरा. पैसे बुडाले तर बुडू द्या. मी छत्तीस वर्षे बुडीत खाती पाहिली. मालवणच्या धक्क्यावरचे ते आगाऊ पैसे हे त्यातले एकमेव असे खाते, ज्याचा मला आनंद आहे.

नात त्या दिवशी पाण्याखाली जाऊन आली. मासे पाहिले, प्रवाळ पाहिले. कालचा राग विरघळला होता. ओल्या केसांनी होडीत चढली, बसली आणि काठाकडे निघण्याआधी वळून तांडेलाला म्हणाली, ‘‘काका, माझी टाकी बांधलीत ना?’’

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी समुद्राकडे पाहिले.