लघुलहरी रेडिओ संचास कोणते एरियल जोडावे?

दि. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबई व पालघर जिल्ह्यांच्या किनाऱ्याजवळून समुद्रातून उत्तरेकडे गेले. वसई तालुक्यात झाडे उन्मळून पडली, तारा तुटल्या व वीजपुरवठा खंडित झाला. वीज नसली म्हणजे दूरदर्शन संच बंद पडतो व मोबाइल फोनही फार वेळ साथ देत नाही. अशा वेळी सेलवर चालणारा लहान रेडिओ उपयोगी पडतो. केळीच्या घडांना टेकू द्यावेत काय, वाळत घातलेली सुकेळी आत घ्यावीत काय, होडी समुद्रात न्यावी काय, हे सर्व हवामानाची बातमी वेळेवर कानी पडण्यावर अवलंबून असते.

गिरीजच्या वाड्यांतून फिरताना एक तक्रार मात्र ऐकू येते. “काडी पूर्ण बाहेर ओढली, तिला लांब तारही बांधली, तरी मुंबई केंद्र खरखरते.” दोष संचात नसतो. कोणत्या लहरीस कोणते एरियल लागते, हे ठाऊक नसल्याने श्रम वाया जातात.

प्रथम लहर ओळखावी

मुंबई आकाशवाणीचे मध्यम लहरींवरील कार्यक्रम ऐकताना बाहेरच्या काडीचा काहीही उपयोग होत नाही. या लहरींसाठी संचाच्या आत फेराइटची एक आडवी कांडी बसविलेली असते व तीच एरियलचे काम करते. ही कांडी बहुधा संचाच्या लांबीच्या दिशेने असते. म्हणून संचाचे तोंड किंवा पाठ केंद्राकडे येईल असा तो ठेवावा. मुंबई गिरीजच्या दक्षिणेस आहे. तेव्हा संचाचे तोंड दक्षिणेकडे करून तो सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवावा आणि आवाज स्वच्छ होईल तेथे थांबावे. यास एक पैसाही लागत नाही.

लघुलहरींची गोष्ट वेगळी आहे. या लहरी आकाशातील उंच थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैलांवरून येतात व क्षीण झालेल्या असतात. त्यांच्यासाठी काडी व तार यांचा खरा उपयोग होतो. लघुलहरींवर आता पूर्वीइतकी केंद्रे राहिलेली नाहीत. बीबीसीची हिंदी लघुलहरी सेवाही जानेवारी २०२० अखेर बंद झाली. तरीही जवळची यंत्रणा कोलमडली असता दूरच्या केंद्राचा आवाज पोहोचू शकतो, हे या लहरींचे महत्त्व आहे. दिवसा १९ व २५ मीटरचे पट्टे आणि रात्री ३१, ४१ व ४९ मीटरचे पट्टे लावून पाहावेत.

तार किती लांब असावी

प्रथम संचाची काडी पूर्ण उघडून तो खिडकीशी ठेवावा. कौलारू घरात एवढ्याने पुष्कळदा काम भागते. सिमेंटच्या स्लॅबखाली किंवा पत्र्याच्या छपराखाली लहरी अडतात. तेथे तार जोडावी.

वेष्टन असलेली तांब्याची बारीक तार ५ ते ८ मीटर घ्यावी. एका टोकाचे वेष्टन दोन बोटे सोलून ते चिमट्याने काडीस पकडावे. दुसरे टोक नायलॉनच्या दोरीने आंब्याच्या किंवा चिकूच्या फांदीस उंच बांधावे. माड वाऱ्याने फार हलतो. त्यास बांधल्यास तारेला पुरेसा झोळ द्यावा, नाहीतर ती तुटते. समुद्राच्या खाऱ्या हवेने उघडे तांबे हिरवे पडते. म्हणून जोड वरचेवर घासून स्वच्छ करावा.

तार जितकी लांब तितके बरे, हा समज चुकीचा आहे. लहान संच प्रबळ लहरी सोसू शकत नाही. फार लांब तार जोडली की शिट्ट्या ऐकू येतात, दोन केंद्रे एकमेकांत मिसळतात व जवळचे मुंबई केंद्र नको त्या जागी उमटते. असे झाल्यास तार आखूड करावी, अथवा न सोलता तिचे तीन-चार वेढे काडीभोवती द्यावेत.

खरखर कोठून येते

एलईडी दिवे, मोबाइल चार्जर, इन्व्हर्टर व सौरपंपाचे नियंत्रक यांतून खरखर निर्माण होते. संच सेलवर चालवून घराचा मुख्य स्विच क्षणभर बंद करावा. खरखर थांबली तर कारण घरातच आहे, असे समजावे. अशा वेळी तार लांबविण्याऐवजी संच व तार दोन्ही विजेच्या वायरींपासून दूर, वाडीच्या बाजूस न्यावी. वादळात वीज गेल्यावर हीच खरखर नाहीशी होते व केंद्र अधिक स्पष्ट ऐकू येते.

सावधगिरी

१. विजेच्या तारांच्या वर, खाली किंवा जवळून एरियल कधीही नेऊ नये.
२. मेघगर्जना ऐकू येताच बाहेरच्या तारेस हात लावू नये. वळवाच्या व परतीच्या पावसाच्या दिवसांत ढग जमू लागण्यापूर्वीच ती संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी.
३. संच वापरात नसताना सेल काढून ठेवावेत.

ग्रामसेवकांसाठी

१९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १५० खेड्यांत शेतकरी श्रोतेमंडळांचा प्रयोग केला. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व त्यावर चर्चा करीत. एक संच नीट ऐकू आला तर तो साऱ्या गावाच्या उपयोगी पडतो, हा त्यातील बोध आजही घेण्यासारखा आहे. तरी प्रत्येक पाड्यातील किमान एक संच मे महिन्याच्या आरंभी तपासावा, मुंबई केंद्राची जागा तबकडीवर खुणेने दाखवावी, संच कोणत्या दिशेस ठेवावा हे घरच्या मंडळींना समजावून द्यावे आणि नव्या सेलचा एक जोड बाजूस ठेवण्यास सांगावे. वादळ आल्यावर एरियल बांधण्यास सवड मिळत नाही.