सूर्या दांडीला येत नाही

गैरसमज : सूर्या नदी इथेच कुठेतरी, पालघरच्या किनाऱ्यावरच्या दांडीच्या खाडीला मिळते.

बोईसरचे कारखाने सूर्येच्या पाण्यावर चालतात, म्हणून असं वाटतं. पण ते पाणी नळातून येतं. जव्हारच्या डोंगरात उगम पावलेली सूर्या पश्चिमेला निघते खरी, मात्र पालघरच्या अलीकडे वाघोबा खिंडीची डोंगररांग तिची वाट अडवते. मग मासवणवरून ती दक्षिणेला वळते आणि वैतरणेला मिळते. वैतरणा दातिवरे आणि अर्नाळ्याच्या मधून समुद्रात जाते. दांडीच्या खाडीत येतं ते भरतीचं पाणी आणि पावसाळ्यात आसपासच्या नाल्यांचं.

गैरसमज : जव्हार-मोखाड्यात एवढा पाऊस, तिथे टंचाई कसली?

समुद्रावरचे ढग डोंगराला अडून वर चढतात, थंडावतात आणि कोसळतात. डहाणूला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जव्हारला तीन हजारांच्या. पण हा सगळा चार महिन्यांचा खेळ. खाली काळा पाषाण, वर पातळ माती आणि तीव्र उतार. पाणी मुरायला सवडच मिळत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये बायका डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याकडे चालतात.

गैरसमज : सूर्येवरचं धामणी धरण भरलं की सगळ्यांची चिंता मिटली.

धामणीत सुमारे २७६ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. धरण बांधलं शेतीसाठी. आता वाटेकरी वाढलेत. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या एकाच योजनेचा वाटा रोज ४०३ दशलक्ष लिटर. (तारापूरच्या अणुभट्ट्या मात्र थंड होतात त्या समुद्राच्या पाण्याने, सूर्येच्या नव्हे.)

गैरसमज : नदीचं पाणी समुद्रात गेलं की वाया गेलं.

हे मासेमाराला सांगून बघा! पावसाळ्यात नदी गाळ आणि अन्नद्रव्यं आपल्या मुखाच्या खाडीत आणते, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्यावर माशांची पिल्लं. कितीतरी मासे नि कोळंबी गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिश्रणातच लहानाची मोठी होतात. जूनपासून होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, जुलै संपेपर्यंत यांत्रिक नौकांना बंदी असते, ती माशांच्या प्रजननासाठीही. धरणात अडलेला प्रत्येक थेंब हिशेबात धरतात, खाडीला न मिळालेला कुणी मोजत नाही.

गैरसमज : किनाऱ्यालगत पाणी घुसलं, म्हणजे धरणाचे दरवाजे उघडले.

दांडीत आधी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बघा. भरती चढलेली असताना मुसळधार पाऊस झाला, तर नाल्यांच्या पाण्याला बाहेर पडायला जागाच उरत नाही. ओहोटी लागली की ते उतरतं.