बॅटरी उलटी जोडली गेली? आधी मेन फ्यूज बघा

बाइकची बॅटरी बदलताना प्लस-मायनस उलटे लागले की ठिणगी उडते आणि सेल्फ, हॉर्न, इंडिकेटर सगळं गप्प. मंडळी, लगेच वायरिंग उकलायला घेऊ नका. आधी वायरी बरोबर जोडा आणि मेन फ्यूज बघा. बहुतेक वेळा तोच उडालेला असतो.

तो उडतो कारण रेग्युलेटर-रेक्टिफायरमधले डायोड उलट्या बॅटरीला जवळजवळ मोकळा रस्ता देतात. बऱ्याच गाड्यांत हे युनिट थेट बॅटरीला जोडलेलं असतं, त्यामुळे चावी बंद असली तरी प्रचंड करंट वाहतो. काही जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या फ्यूज उडूनही किकवर सुरू होतात, कारण त्यांच्या इग्निशनला वीज थेट मॅग्नेटोच्या कॉइलमधून मिळते. म्हणून इंजिन चालतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजू नका.

नवा फ्यूज तितक्याच अँपिअरचा घाला. तांब्याची तार गुंडाळणं हा जुगाड नाही, आग लावण्याची सोय आहे.

मग मल्टीमीटर. बंद गाडीत चार्ज असलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन थोडं रेस केल्यावर १३.५ ते १४.५ हवेत. आकडा वाढलाच नाही किंवा १५ च्या वर गेला, तर पहिला संशय रेग्युलेटरवर. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर युनिटचा कपलर काढून बघा. आता फ्यूज टिकला तर आतले डायोड शॉर्ट झालेत.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चेक इंजिन लाइट जात नसेल, तर स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडेच न्या.

आणि बॅटरी काढताना आधी मायनस, बसवताना आधी प्लस.