गिरणीचा पगार आणि कोकणातली चूल

मुंबईत कावसजी दावर यांची ताडदेवची कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढच्या चार-पाच दशकांत परळ, लालबाग, शिवडी, वरळी गिरण्यांच्या धुराड्यांनी भरून गेली. या गिरण्यांना माणसे पुरवली ती सर्वांत जास्त रत्नागिरी जिल्ह्याने, म्हणजे आजच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाने. कातळाची जमीन, भात आणि नाचणीचे एकच पीक, त्यातला वाटा गावचा सारा गोळा करणाऱ्या खोताच्या घरी. शेतसारा मात्र रोख भरायचा. रोख मिळे ती मुंबईत, म्हणून घरटी एक तरी गडी बोटीने मुंबईला जाई.

गिरणीत शिरकाव व्हायचा जॉबरच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या ओळखीने. तो बहुधा गावचाच, निदान पंचक्रोशीतला. कायम नोकरी लागेपर्यंत 'बदली' म्हणून रोज सकाळी दाराशी उभे राहायचे. राहायला गावकीची खोली. दहा बाय बाराच्या त्या खोलीत भिंतीला ओळीने ट्रंका, वर दोरीवर कपडे. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला अंग टाकी. जेवायला खानावळ. ती चालवणाऱ्या बायकाही कामगारांच्याच घरच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा कुठे त्यांच्या राबण्याला बँकेच्या दारात पत मिळाली.

गिरणगावाचा इतिहास आपण संपांच्या तारखांनी सांगतो. तो सांगायलाच हवा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली मिळवून दिलेली रविवारची सुट्टी, १९२८चा सहा महिन्यांचा संप, हे मोठेच लढे. पण या गिरण्यांचा अर्धा भार कोकणातल्या बाईने उचलला, हे फारसे ठामपणे मांडले जात नाही, याची मला खंत वाटते. पगार एकट्या गड्याचे पोट भरेल एवढाच ठेवता आला, कारण मुले, म्हातारी माणसे आणि आजारी पडून परतलेला कामगार यांना गावची चूल सांभाळत होती. लावणी तिने केली, गुरे तिने राखली, खोताशी तीच बोलली. मनीऑर्डर आली की पोस्टमनपुढे अंगठा उठवायचा आणि त्यातून आधी वाण्याची उधारी फेडायची.

१८९६च्या प्लेगात मुंबईतून लाखो माणसे पळाली. गिरण्या ओस पडल्या, उरलेल्या मजुरांना मालकांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले. पळालेल्यांतल्या चाकरमान्यांना तेव्हाही गावानेच सांभाळले. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही तेच झाले. महिने लोटले तशी कुटुंबे गावी परतली. पण आता मनीऑर्डरही थांबली होती आणि भात सहा महिने पुरत नव्हते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. असंख्य कामगार पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत.

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर राज्यात ९२९. गिरण्या जाऊन दोन पिढ्या झाल्या, तरी कोकणातला तरुण अजून बाहेरच आहे. वाडीवाडीत कुलूपबंद घरे दिसतात. ती उघडतात गणपतीला आणि शिमग्याला.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिका वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारते आहे. तिथे साचे असतील, भोंगा असेल. त्यांच्याशेजारी कोकणातले एक माजघरही हवे, त्यात मनीऑर्डरच्या पावत्या, खोताच्या वाट्याचा हिशेब आणि त्या बायकांच्या आवाजातल्या आठवणी हव्यात. त्यांतल्या काहीजणी आज नव्वदीच्या घरात आहेत. ध्वनिमुद्रणाचे काम याच वर्षी हाती घ्यायला हवे.