रंगीत पाणलावा : चिखलकाठचा लाजरा रहिवासी

नांदूर मध्यमेश्वर किंवा उजनीच्या जलाशयावर हिवाळ्यात उतरणारे बदकांचे व रोहित पक्ष्यांचे थवे पाहावयास लोक दूरदूरहून येतात. परंतु साध्या गावतळ्याच्या काठी, लव्हाळ्यात दडून राहणारा एक देखणा पक्षी गावकऱ्यांच्याही दृष्टीस क्वचितच पडतो. तो म्हणजे रंगीत पाणलावा.

लांबी सुमारे २५ सेंटीमीटर, चोच लांब व टोकाशी किंचित खाली वळलेली, डोळ्याभोवती चष्म्यासारखे फिकट वलय आणि खांद्यावरून गेलेला पांढरा पट्टा, ही त्याची ठळक लक्षणे होत. या जातीत मादी अधिक रंगीत असते. तिची मान व छाती गडद तांबूस, तर नर मातकट व ठिपकेदार असतो. अंडी घातल्यावर मादी दुसऱ्या नराच्या शोधात निघून जाते. अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे ही कामे एकटा नर करतो. त्याचा मातकट रंग घरट्यावर बसल्या जागी त्यास लपवितो.

हा पक्षी पहाटे व सायंकाळी चरावयास बाहेर पडतो. चाहूल लागताच तो जागीच स्तब्ध होतो. म्हणूनच तो दिसत नाही. निरीक्षकाने काठापासून दूर, शांत बसून राहावे आणि चिखल व गवत यांच्या सीमारेषेवर दुर्बीण रोखावी. हिवाळी पाहुणा असलेला साधा पाणलावा दचकला की वेडीवाकडी वळणे घेत वेगाने उडतो; रंगीत पाणलावा मात्र पाय लोंबकळत ठेवून संथपणे उडतो व जवळच उतरतो. घरट्याजवळ मात्र कोणीही जाऊ नये.

या पक्ष्याचे भवितव्य त्या चिखलकाठावर अवलंबून आहे. तळ्याचा गाळ काढताना किंवा सुशोभीकरण करताना ही गवताळ कड 'निरुपयोगी' समजून सरसकट साफ केली, तर पाणी राहील, पण पक्ष्याचा निवारा व अन्न दोन्ही नाहीसे होतील. काठाचा काही भाग तसाच राखण्यास वेगळा खर्च येत नाही.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ग्रामपंचायत स्तरावरील जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह केलेल्या निरीक्षणांची तारीख, वेळ व ठिकाणासह नोंद या वहीत व्हावी. तळ्याच्या कामाचा ठराव ग्रामसभेपुढे येईल, तेव्हा त्या काठावर कोण राहते, हे सांगणारा लेखी आधार गावाजवळ असेल.