विश्लेषण : मध्यंतरानंतर फक्त दोन गुण! हर्लिंगमध्ये तळाचा टिपरेरी संघ वर्षभरात विजेता कसा झाला?

आयर्लंडमधील हर्लिंगच्या अंतिम सामन्यात २० जुलै २०२५ रोजी जे घडले, त्याचा हिशेब लावणे अजूनही अनेकांना अवघड जाते. मध्यंतराला कॉर्क संघ सहा गुणांनी पुढे होता. सामना संपला तेव्हा तोच संघ १५ गुणांनी हरला होता. उत्तरार्धात टिपरेरीने २३ गुण मिळवले, कॉर्कने दोन. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ८० हजारांहून अधिक प्रेक्षक हे पाहत होते आणि त्यातल्या मोठ्या संख्येने आलेल्या कॉर्क समर्थकांनी २० वर्षांनी करंडक घरी नेण्याची तयारी केलेली होती.

विशेष म्हणजे हाच टिपरेरी संघ २०२४ मध्ये आपल्या प्रांतात शेवटच्या क्रमांकावर होता. एकही सामना न जिंकता.

हर्लिंग म्हणजे नेमके काय?

हॉकीसारखी, पण टोकाला रुंद आणि चपटी असलेली अ‍ॅश लाकडाची काठी म्हणजे हर्ली. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा लहान, वर शिवण असलेला चेंडू म्हणजे स्लिटर. प्रत्येक बाजूला १५ खेळाडू आणि ७० मिनिटांचा खेळ. चेंडू जमिनीवरून, हवेतून, हातात पकडून, काठीवर तोलत धावत, कसाही पुढे नेता येतो. जोरात मारलेला स्लिटर ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जातो. हेल्मेटची सक्ती मात्र २०१० मध्ये झाली.

गोलपोस्ट इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन खांबांमधून गेला तर एक गुण. म्हणून गुणफलक ३-२७ असा लिहितात : तीन गोल आणि २७ गुण, एकूण ३६. अंतिम सामन्याचा निकाल होता टिपरेरी ३-२७, कॉर्क १-१८. म्हणजे ३६ विरुद्ध २१.

आणखी एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय या स्पर्धेचे महत्त्व कळत नाही. हे खेळाडू व्यावसायिक नाहीत. काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग, हाच संघ. ज्या गावच्या क्लबमध्ये लहानपणी काठी हातात घेतली, त्याच्याच काउंटीकडून खेळायचे. लिलाव नाही, पगार नाही. प्रवासखर्च आणि सरकारचे छोटे अनुदान मिळते. सोमवारी बहुतेक जण शाळेत शिकवायला, कार्यालयात किंवा शेतावर परततात. खेळाची सूत्रे ज्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनकडे आहेत, तिची स्थापना १८८४ मध्ये टिपरेरीतल्याच थर्ल्स या गावी एका हॉटेलात झाली. त्यामुळे टिपरेरीचे तळाला जाणे ही त्या भागासाठी नुसती एका मोसमाची बातमी नव्हती.

२०२४ मध्ये किती वाईट अवस्था होती?

मन्स्टर प्रांतातील गट हा हर्लिंगमधला सर्वात अवघड मानला जातो. पाच संघ, प्रत्येकाला चार सामने. पहिले दोन प्रांताच्या अंतिम सामन्यात, तिसरा अखिल आयर्लंड फेरीत, उरलेले दोन थेट घरी. मे महिना संपण्याआधीच वर्ष संपते. टिपरेरीने २०२४ मध्ये चारपैकी एक सामना बरोबरीत सोडवला आणि तीन गमावले. त्यातला सर्वात जिव्हारी लागणारा पराभव १९ मे रोजी थर्ल्सच्या घरच्या मैदानावर, कॉर्ककडून : ४-३० विरुद्ध १-२१. तब्बल १८ गुणांनी.

प्रशिक्षक लायम काहिल यांच्यावर तेव्हा चहूबाजूंनी टीका झाली. खरे तर याच काहिल यांनी टिपरेरीच्या कुमार आणि युवा संघांना २०१६, २०१८ आणि २०१९ मध्ये विजेतेपद मिळवून दिले होते. पण वरिष्ठ संघाची सूत्रे घेऊन दोन मोसम झाले तरी हाती काहीच नव्हते. त्यांना काढावे, अशी मागणी उघडपणे होत होती. काउंटी मंडळाने त्यांना ठेवले. नंतर जे झाले त्याचे श्रेय द्यायचे, तर या न घेतलेल्या निर्णयालाही द्यावे लागेल.

मग २०२५ ची सुरुवात तरी चांगली झाली का?

अजिबात नाही. एप्रिलमध्ये लीगच्या अंतिम फेरीपर्यंत संघ पोहोचला, हे खरे. तिथे पुन्हा कॉर्क भेटले आणि पुन्हा दहा गुणांनी पराभव झाला. मन्स्टर गटात पहिला सामना लिमरिकशी २-२३ असा बरोबरीत सुटला. दुसरा सामना २७ एप्रिलला, कॉर्कच्या घरच्या मैदानावर.

डॅरा मॅकार्थी हा १९ वर्षांचा खेळाडू टिपरेरीसाठी फ्री घेत होता. फ्री म्हणजे फाऊलनंतर मिळणारा मोकळा फटका. हर्लिंगमध्ये निम्म्या सामन्यांचा निकाल त्यावर लागतो, त्यामुळे एवढ्या लहान मुलाकडे ही जबाबदारी देणे हाच मोठा निर्णय होता. पंचांनी सामना सुरू करण्यासाठी चेंडू टाकायच्या आतच मॅकार्थीने प्रतिस्पर्धी बचावपटूला काठी मारली आणि त्याला लाल कार्ड मिळाले. सामना सुरूही झाला नव्हता आणि टिपरेरीचे १४ खेळाडू उरले होते. निकाल : कॉर्क ४-२७, टिपरेरी ०-२४. फरक १५ गुणांचा.

इथे बहुतेक प्रशिक्षकांनी त्या मुलाला बाजूला ठेवले असते. काहिल यांनी ठेवले नाही. बंदीचा सामना संपल्यावर तो परत आला, आणि फ्री पुन्हा त्याच्याकडेच.

वळण कुठे आले?

१० मे रोजी एनिस येथे. समोर गतविजेता क्लेअर, तोही त्यांच्याच मैदानावर. टिपरेरीने ४-१८ विरुद्ध २-२१ असा तीन गुणांनी विजय मिळवला. नंतर वॉटरफर्डला नऊ गुणांनी हरवून संघ गटात तिसरा आला. पुढे लीशविरुद्धचा सामना एकतर्फी झाला आणि उपांत्यपूर्व फेरीत गॅल्वेही आठ गुणांनी मागे पडले. दरम्यान, टिपरेरीच्या २० वर्षांखालील संघानेही मे महिन्यात अखिल आयर्लंड विजेतेपद पटकावले होते. वरिष्ठ संघातली नवी मुले तिथूनच आलेली होती, हे आकडेवारीत दिसत नाही. पण पुढच्या दोन महिन्यांचा अर्थ त्यातच आहे. त्यांना हरण्याची सवयच नव्हती.

त्याच सुमारास नशीबही थोडे बाजूने फिरले. पाच वर्षांत चार वेळा विजेता ठरलेला बलाढ्य लिमरिक संघ उपांत्यपूर्व फेरीत १४ खेळाडूंनिशी लढणाऱ्या डब्लिनकडून हरला आणि वाटेतला मोठा अडथळा आपोआप दूर झाला.

उपांत्य सामना ६ जुलैला किलकेनीशी. सर्वाधिक विजेतेपदे नावावर असलेला हा संघ, आणि टिपरेरीशी त्यांचे शेजाऱ्यांचे जुने वैर. मॅकार्थीला दोन पिवळी कार्डे मिळून तो उत्तरार्धात पुन्हा बाहेर! एका मोसमात दुसऱ्यांदा. तरीही १४ जणांनी सामना सोडला नाही. बदली खेळाडू उशीन ओ’डोनोहू याने अखेरच्या मिनिटांत गोल केला आणि ४-२० विरुद्ध ०-३० असा दोन गुणांनी विजय मिळाला. या सामन्यात गुणफलकाचा घोळही झाला. टिपरेरीला फलकावर एक गुण जास्त दिसत होता, त्यामुळे दोन गुणांनी मागे असलेले किलकेनी शेवटी तीन गुणांच्या गोलच्या मागे धावत राहिले. त्यांच्या समर्थकांचा राग समजण्यासारखा होता.

दोन पिवळ्या कार्डांमुळे पुढच्या सामन्याची बंदी लागत नसल्याने मॅकार्थी अंतिम सामन्यासाठी उपलब्ध होता.

त्या ३५ मिनिटांत काय घडले?

कॉर्कची ताकद वेगात होती. मधल्या मोकळ्या जागेत चेंडू टाकायचा आणि गोल करायचे. उपांत्य फेरीत त्यांनी डब्लिनवर सात गोल डागले होते. काहिल यांनी यावर ब्रायन ओ’मारा याला बचावफळीच्या मागे-पुढे मोकळा ठेवून जादा बचावपटूसारखे वापरले. ही चाल बचावात्मक मानली जाते, आणि मध्यंतराला १-१६ विरुद्ध ०-१३ असा फलक पाहता ती फसल्यासारखीच वाटत होती. विश्रांतीच्या अगदी आधी शेन बॅरेटने कॉर्कसाठी गोल केला होता.

उत्तरार्धात टिपरेरीचे गुण एकापाठोपाठ येत गेले, आणि जॉन मॅग्राच्या गोलने पारडे फिरले. २०२२ मध्ये अकिलीस टेंडनच्या गंभीर दुखापतीने ज्याची कारकीर्द धोक्यात आली होती, तोच हा जॉन. मग त्यालाच पाडल्याबद्दल कॉर्कच्या ओईन डाउनीला दुसरे पिवळे कार्ड मिळाले. पेनल्टी घ्यायला कोण? मॅकार्थी. त्याने गोल केला. मॅग्राने आणखी एक गोल झळकावला. कॉर्कला पेनल्टी मिळाली, तर गोलरक्षक रीस शेलीने कॉनर लेहानचा फटका अडवला. या शेलीने लांबून एक गुणही मिळवला! मागे पडलेले कॉर्क लांबून घाईघाईत फटके मारत राहिले आणि ते वाया जात राहिले. उत्तरार्धाचा हिशेब ३-१४ विरुद्ध ०-२.

भारतीय वाचकाला डिसेंबर २०२० ची अ‍ॅडलेड कसोटी आठवावी, सर्वबाद ३६ वाली. डावपेच, दडपण, दुर्दैव, सगळे एकाच तासात एकत्र आले की चांगला संघही असा कोसळतो. त्यामुळे केवळ ओ’माराच्या चालीला सारे श्रेय देणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण जवळचे मार्ग बंद झाल्यानेच कॉर्कला लांबून मारावे लागले, हेही तितकेच खरे.

मॅकार्थीने एकट्याने १-१३, म्हणजे १६ गुण केले. सगळ्या कॉर्क संघाचे मिळून २१.

विक्रमात याची नोंद कशी होईल?

टिपरेरीचे हे २९ वे विजेतेपद, २०१९ नंतरचे पहिले. कर्णधार रोनन माहरने लायम मॅकार्थी करंडक स्वीकारला. जॉनचा थोरला भाऊ नोएल मॅग्रा बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याने गुणही मिळवला. २०१०, २०१६ आणि २०१९ नंतरचे हे त्याचे चौथे पदक.

कॉर्कची प्रतीक्षा मात्र २००५ पासून सुरूच आहे. २००६, २०१३, २०२१, २०२४ आणि आता २०२५, असे पाच अंतिम सामने त्यांनी या काळात गमावले. वर्षभरात लीग आणि मन्स्टर ही दोन्ही विजेतेपदे जिंकूनही प्रशिक्षक पॅट रायन यांनी नंतर पद सोडले. त्यांच्या जागी बेन ओ’कॉनर आले आहेत. कॉर्कने २००४ मध्ये करंडक जिंकला तेव्हा कर्णधार तेच होते.