'द स्टारलेस सी' आणि आपलं रिद्धपूर

एरिन मॉर्गनस्टर्नची 'द स्टारलेस सी' (2019) वर्णनात अप्रतिम आहे, पण तिच्यातला एक विचार अर्धवटच राहतो. जमिनीखालचं अफाट ग्रंथालय, भिंतीवर रंगवलेली दारं, जुन्या पुस्तकात नायक झॅकरीला सापडलेला स्वतःच्याच बालपणीचा प्रसंग. इथवर वाचक गुंगून जातो. मात्र ग्रंथालय वाचवायला त्याची दारंच नष्ट करणाऱ्या अलेग्राची बाजू लेखिका पुरती तपासत नाही. दडवल्याने ज्ञान खरंच वाचतं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला वऱ्हाडात पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 13 व्या शतकात महानुभाव पंथातल्या म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. पुढे महानुभावांनी पोथ्या 'सकळ' या सांकेतिक लिपीत लिहिल्या. अक्षरं ओळखीचीच, पण एकाच्या जागी दुसरं, किल्ली पंथीयांकडे. धामधुमीत पोथ्या टिकल्या त्या यामुळेच, असं कुणी म्हणेल. त्यात तथ्यही आहे. पण त्या टिकवल्या मठामठांत पिढ्यान्‌पिढ्या नकला करणाऱ्या हातांनीही, आणि गुप्ततेची किंमत जबर होती. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ विसाव्या शतकापर्यंत सामान्य वाचकाला ठाऊकच नव्हता. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपी उलगडली, तेव्हा कुठे दार उघडलं.

कादंबरी जरूर वाचा, पण त्याआधी वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं 'लीळाचरित्र' (1978) मिळवा.